प्रवासात उतरणारं वजन

बिरदेवनं पाण्याचा घोट घेतला, गालात घोळवला, डोळे मिटून थोडा वेळ तसाच बसला आणि परत पेल्यात थुंकला. मग पेला खिडकीच्या उजेडात धरून त्यानं नीट बघितलं. मघाशी होतं तेवढंच पाणी आहे अशी खात्री झाल्यावर तो माझ्याकडं बघून हसला. ओठ फुटले होते, त्यामुळं ते हसणं अर्ध्यावरच थांबलं.

"गिळलं न्हाई," तो म्हणाला.

"मी कुठं काय म्हणालो?"

"बघत हुतास की."

बघत होतो हे खरं. माझ्या मांडीवर ताट होतं, ताटात मटणाचा रस्सा आणि भाकरीची चवड. हॉस्टेलच्या त्या खोलीत आम्हा दोघांची जोडी कुणी लावली होती कोण जाणे, पण लावणारा मोठा चेष्टेखोर असला पाहिजे. मी शंभर किलोच्या गटातला. माझं काम खायचं. बिरदेवला सत्तावन्न किलोत उतरायचं होतं. त्याचं काम न खायचं. एकाच संघातल्या दोन पोरांपैकी एकाला 'खा, खा' म्हणून दटावायचं आणि दुसऱ्याला चूळ भरून थुंकायला लावायचं, यात आमच्याकडं कुणालाच वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही. मी ताट उचलून व्हरांड्यात गेलो आणि तिथं बसून सगळं संपवलं.

हे सगळं सुरू झालं दिवाळीनंतर. आमचं तालुक्याच्या गावातलं कॉलेज कुस्तीसाठी नावाजलेलं होतं. दुसऱ्या कशासाठी नावाजलेलं नव्हतं. एके दिवशी प्राचार्य स्वतः तालमीत आले. बूट बाहेर काढून, धोतर उचलून धरावं तशी पँट वर ओढून ते लाल मातीच्या कडेला उभे राहिले. आम्हाला हसू येत होतं. ते बोलायला लागल्यावर मात्र गेलं.

"मागच्या वर्षी कुस्तीच्या चौदा मुलांपैकी तीन पास झाले," ते म्हणाले. "तीन. जिमखान्याच्या निम्म्याहून जास्त पैशांचं तुम्ही दूध पिता. बाकीचे खेळ माझ्या दारात येऊन ओरडतात. तेव्हा संस्थेनं ठरवलंय. यंदा विद्यापीठाची सांघिक ढाल आणा, नाहीतर पुढच्या वर्षी कुस्तीची मेस बंद, हॉस्टेल बंद. मेस फक्त संघातल्या दहा जणांना. आणि यंदाच्या सहामाहीत नापास झालेला मुलगा संघात नाही म्हणजे नाही."

वजनाचे गट दहा, प्रत्येक गटात एक पैलवान. नापासांची नावं वाचली तेव्हा सगळ्यात मोठा घाव सत्तावन्न किलोला बसला. आमचा विलास त्या गटात हुकमी होता, जिल्ह्यात त्याला जोड नव्हता. पण गडी मराठीतसुद्धा नापास झाला होता. जागा मोकळी राहिली तर त्या गटाचे गुण शून्य, आणि नऊ गटांवर ढाल कधी कुणी आणलेली नव्हती. माझं अर्थशास्त्र तरलं ते बिरदेवमुळं. त्यानं ऑक्टोबरभर मला मागणी-पुरवठ्याचे वक्र शिकवले होते, तेही मी समोर बसून चरत असताना.

बिरदेव व्हनमाने हा आमच्यातला एकमेव हुशार मुलगा. जतकडच्या माळावरचा धनगर, बाप मेंढरं घेऊन फिरतीवर. भूगोलात त्याला वर्गात पहिला नंबर होता. पण कुस्तीत तो बासष्ट किलोला दुसरा, म्हणजे राखीव. त्याच्या पुढचा पैलवान त्याच्यापेक्षा खरोखरच चांगला होता. नव्या नियमानं बिरदेवची मेस जाणार, हॉस्टेल जाणार आणि त्यामागून कॉलेजही जाणार हे उघड होतं. बापाच्या मेंढरांमागं राहून बी.ए. होत नाही.

प्राचार्य गेले तसा तो उठून उभा राहिला. "मी उतरतो सत्तावन्नात," तो म्हणाला.

कुणी नको म्हणालं नाही. उलट पोरांनी त्याची पाठ थोपटली. त्याच्या अंगावर काढण्यासारखं काहीच नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं.

आता आमच्या दोन गुरूंविषयी सांगायला हवं. कारण एका म्यानात दोन तलवारी म्हणतात तसा आमचा प्रकार होता. तालमीत दौलू वस्ताद. वय सत्तरीकडं झुकलेलं, कान मोडलेले, आवाज असा की मातीत लोळणारा पोरगा नुसत्या खाकरण्यानं ताठ उभा राहावा. त्यांचा शब्द कुणी मोडल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या जूनमध्ये कॉलेजनं इंगवले सरांना आणलं. तरुण माणूस, पतियाळाची कुस्ती प्रशिक्षकाची पदविका घेऊन आलेला, गळ्यात शिट्टी. सरांनी ग्रंथालयामागच्या हॉलमध्ये मॅट टाकली आणि पहिल्याच आठवड्यात तालमीतला वजनकाटा उचलून तिकडं नेला. वस्तादांनी तेव्हाच जाहीर केलं की त्या गादीवर, त्या हॉलात, आपण मरेपर्यंत पाय ठेवणार नाही. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. सकाळी आम्ही सरांचे, संध्याकाळी वस्तादांचे. निरोप आमच्यामार्फत जायचे. "म्हणावं त्या शिट्टीवाल्याला," असं वस्ताद म्हणायचे. "तुमच्या वस्तादांना सांगा," असं सर म्हणायचे. आम्ही मधलेमधले शब्द गाळून पोचवायचो. सासू-सुनेच्या भांडणात लेकानं करावं तसं.

माणसं दोघंही वाईट नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून कुणालाही तसं वाटेल. सरांनी स्वतःच्या पगारातून बिरदेवला रबरी कोट आणून दिला. घाम निघावा म्हणून तो घालून तो सकाळी नदीच्या बांधावर पळायचा. वस्ताद संध्याकाळी त्याच्या पिंढऱ्या तेलानं चोळून द्यायचे आणि चोळता चोळता पुटपुटायचे, "मेंढरागत झालंय रं प्वार." दोघांचाही त्याच्यावर जीव होता.

सरांनी त्याला पहिल्याच दिवशी हॉलच्या दाराआड बोलावून घेतलं. मी सोबत होतो.

"व्हनमाने, सत्तावन्न विसरायचं. आपल्या काट्यावर पंचावन्न करायचं. विद्यापीठाचा काटा कडक असतो, दोन किलो जास्त दाखवतो. कळलं?"

"होय सर."

"आणि हे वस्तादांना सांगायचं नाही. ते ऐकणार, हळहळणार आणि तुला तुपातला शिरा घालणार."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "आरं, प्रवासात बी दोन किलो उतरतंयच की. मग पंचावन्न कशाला?"

तालमीत सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट होती ती. प्रवासात वजन उतरतं. दर वर्षी निघताना आम्ही आपल्या काट्यावर चढायचो आणि परगावी स्पर्धेच्या काट्यावर चढलो की दोन किलो कमी भरायचो. जीपच्या धक्क्यानं उतरतं, असं वस्ताद सांगायचे. आम्हीही मान डोलवायचो. कॉलेजात शिकणारी पोरं होतो आम्ही.

"आन् न्हाई उतरलं तर?" बिरदेव म्हणाला. "सर म्हणत्यात तो काटा कडक हाय. त्या भरवशावर र्‍हायलो आन् बाद झालो तर? मग तुमच्या सगळ्यांचीच मेस गेली की."

"दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणत्यात, तसं झालंय तुझं," मी म्हणालो.

त्यावर तो मोठ्यानं हसला. तेव्हा अजून त्याला हसता येत होतं.

सुरुवातीचे किलो पटापट उतरले. पहिल्या दिवशी काट्यानं पासष्ट दाखवलं होतं. ताकावर आणि काकडीवर राहून तो साठाला आला. मग वजन अडून बसलं. रबरी कोटानं होईना म्हणून सरांच्या सांगण्यावरून मी त्याला रोज दुपारी गावाबाहेरच्या गुऱ्हाळावर न्यायला लागलो. उसाचा रस उकळणाऱ्या मोठ्या काहिलीखालची भट्टी दिवसभर धडधडत असते. त्या भट्टीच्या तोंडासमोर अंगावर दोन घोंगडी घेऊन बिरदेव बसायचा. वरून ताज्या गुळाचा वास. त्या वासानं माझ्यासारख्या भरल्या पोटाच्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटायचं. त्याचं काय होत असेल याचा मी विचार करायचो आणि लगेच सोडून द्यायचो. तो भूगोलाची उजळणी करायचा.

"महाबळेश्वर, सहा हजार मिलिमीटर," तो घोंगड्यातून म्हणायचा. "आंबोली, सात हजार. जत, पाचशे."

"गप बस. बोलून तहान लागंल."

"आमाला सवय हाय, सर्जा. पाचशे मिलिमीटरची माणसं आमी."

रविवारी काट्यानं एकोणसाठ दाखवलं. अजून चार किलो आणि हातात पाच दिवस. सरांनी त्या दिवसापासून पाणी बंद केलं. चूळ भरायची, ओठ ओले करायचे, बस्स. त्याच दिवशी संध्याकाळी मी त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून उचलली, चेष्टेनं. सोडली तरी ती तशीच उभी राहिली. बसायला तिनं बराच वेळ घेतला. आम्ही दोघंही तिच्याकडं बघत राहिलो. मग त्यानं बाही खाली ओढली.

बुधवारी गुऱ्हाळात त्याला घामच आला नाही. भट्टीसमोर दोन घोंगड्यांत माणूस बसलाय आणि कपाळ कोरडं ठणठणीत. मी हात लावून बघितलं तर अंग तव्यासारखं तापलेलं. त्याचे डोळे आत गेले होते आणि तो भूगोल म्हणत नव्हता. काहिलीवर उभा असलेला म्हातारा गुळव्या बराच वेळ आमच्याकडं बघत होता. तो खाली उतरून माझ्याजवळ आला.

"उद्या ह्याला आणू नगंस," तो म्हणाला.

"का हो मामा?"

"आणू नगंस म्हंतोय न्हवं." एवढं बोलून तो परत वर चढला.

मी बिरदेवला खांद्याला धरून उठवलं. तो उठला आणि उभा राहिल्यावर मला म्हणाला, "तात्या, मेंढरं आत घेतली का?" मी हादरलो. मला तो आपला बाप समजत होता. थोड्या वेळानं रस्त्यावर गार वारा लागला तसा तो भानावर आला आणि आपण काय बोललो ते त्याला आठवेना.

मी त्याला सरळ तालमीत नेलं. सरांकडं नाही, वस्तादांकडं. का ते मला सांगता येणार नाही. वस्ताद आखाड्याच्या कडेला बसून माती चाळत होते. त्यांनी बिरदेवकडं बघितलं आणि चाळण खाली ठेवली.

"किती भरला?" त्यांनी विचारलं.

बिरदेवनं माझ्याकडं बघितलं. सकाळी तो छप्पन भरला होता. तो आकडा वस्तादांच्या कानावर गेला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. पण सरांनी बजावलं होतं, आणि बिरदेव दोघांचाही शब्द पाळणारा पोरगा होता.

"आलोय जवळ, वस्ताद," तो म्हणाला.

"सत्तावन्नाला आलास का?"

"येतोय."

वस्ताद काहीतरी बोलणार होते. त्यांचे ओठ हललेले मी पाहिले. मग त्यांनी इकडंतिकडं बघितलं, आखाड्यात चार-पाच पोरं होती, आणि ते नुसतंच म्हणाले, "मग भिऊ नगं. बसतंय वजन. प्रवासात उतरतंय."

"वस्ताद, ह्याला आज घाम आला नाही," मी म्हणालो.

"दोन दिसांचा तर प्रश्न हाय," बिरदेवच मधे बोलला. "सर्जा भित्रा हाय, वस्ताद. नुसता अंगानं मोठा." पोरं हसली आणि वस्तादांनीही पुन्हा चाळण हातात घेतली.

शुक्रवारी पहाटे काट्यानं पंचावन्न दाखवलं. आम्ही जीपनं निघालो. पुढं ड्रायव्हरशेजारी वस्ताद, मागं सर, दोघांची तोंडं दोन दिशांना. बिरदेव माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला होता. झोपला होता असंच मी धरून चाललो. मधे एकदा त्याच्या पायात पेटके आले. पाय लाकडासारखा ताठ झाला, मी तो दाबून धरला, आणि त्या सगळ्यात त्याच्या तोंडातून चकार शब्द निघाला नाही. तोंड कोरडं पडून जीभ टाळ्याला चिकटली होती.

ज्या कॉलेजात स्पर्धा होत्या तिथं एका वर्गात वजनं चालली होती. लंगोटावरची पोरं रांगेनं काट्यावर चढत होती. बिरदेवची पाळी आली. तो चढला. नोंद घेणाऱ्या माणसानं आकडा बघितला, मग पोराकडं बघितलं.

"रांग चुकलास काय रं? आणखी किलोभर काढलंस तर बावन्नात बसशील."

"न्हाई जी. सत्तावन्न."

"सत्तावन्नात? आरं, त्रेपन्न भरलायस की!"

त्याला खाली उतरवून परत चढवलं. त्रेपन्न. आमच्या पोरांनी आरोळी ठोकली. कुणीतरी त्याला उचललं. बिरदेव हसत होता, ओठातून रक्त येत होतं, आणि कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला होता. झालं, बसलं एकदाचं वजन, असं म्हणून मीही टाळ्या वाजवल्या. मग माझं लक्ष सरांकडं गेलं.

"त्रेपन्न कसं?" सर स्वतःशीच म्हणाले. "पंचावन्न पाहिजे."

सहा महिन्यांत पहिल्यांदा दौलू वस्ताद त्यांच्याशी बोलले. "पंचावन्न? पंचावन्न कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं. आपल्या काट्यावर पंचावन्न कर म्हणालो. विद्यापीठाचा काटा कडक आहे अशी थाप मारली. दोन किलो हाताशी असावेत म्हणून. मी स्वतः एकदा मूठभर वजनानं बाद झालोय, वस्ताद. पोरांचं तसं होऊ नये म्हणून."

वस्तादांनी भिंतीला हात लावला आणि ते हळूहळू खाली बसले.

"त्या काट्याच्या फळीखाली लोखंड हाय," ते म्हणाले. "दोन किलोचं. मीच बांधलंय, पंधरा वर्सं झाली. माझा बी एक पठ्ठ्या आसाच बाद झाला हुता. तवापासनं बांधलंय. कुणाला सांगितलं न्हाई. सांगितलं तर पोरं त्येवढं जास्त खात्यात."

वर्गात बाकीच्या कॉलेजांची पोरं गलका करत होती. बिरदेवनं तांब्या तोंडाला लावला होता, तो खाली घेतला. पाणी त्याच्या हनुवटीवरून गळत होतं. हिशेबात तो पहिल्यापासून पक्का.

"म्हंजे रविवारी आपल्या काट्यानं एकोणसाठ दाखवलं," तो सावकाश म्हणाला, "तवाच मी सत्तावन्न हुतो."

त्यानं हनुवटीवरचं पाणी तळव्यानं पुसलं.

"रविवारपासनं मी पाणी प्यालो असतो, तर चाललं असतं?"

सरांनी तोंड फिरवलं. वस्ताद जमिनीकडं बघत होते. आणि बिरदेव कुणावरही रागावला नाही. मला आजही त्याचंच वाईट वाटतं, त्यानं दोघांना शिव्या घालायला हव्या होत्या. त्यानं नुसता तांब्या परत तोंडाला लावला. प्यालेलं सगळं पाणी लगेच उलटून पडलं. मग आम्ही लिंबू आणलं, मीठ-साखर आणली, चमच्या-चमच्यानं पाजलं. दुपारपर्यंत त्यानं दोन केळी खाल्ली आणि तोंडावर थोडी कळा आली.

त्याची कुस्ती लागल्याचं पुकारलं तेव्हा वस्ताद उठले. ते सरळ त्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

"उतरायचं न्हाई," ते म्हणाले. "ढाल गेली चुलीत."

"वस्ताद, एवढं करून आता उतरू नगं म्हंता?" बिरदेव म्हणाला. "मग मी ह्यो जीव कशापायी आटवला?"

वस्तादांनी हात वर केला, पूर्वी मातीत थोपवायचे तसा. पण बिरदेव त्या हाताखालून वाकून निघून गेला. वस्तादांचा शब्द मोडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. सरही पुढं झाले, "व्हनमाने, थांब," म्हणाले. त्याला थांबवायचं तोंड दोघांनाही उरलं नव्हतं, आणि ते तिघांनाही माहीत होतं.

समोरचा पैलवान चांगला भरलेला होता. बिरदेव त्याच्यापुढं आठवीतला पोरगा दिसत होता. पण त्यानं वेळच घेतला नाही. हाताची पकड मिळाल्याबरोबर त्यानं ढाक मारली, स्वतः खाली जाऊन समोरच्याला डोक्यावरून फेकला आणि पाठ लावली. हॉल दणाणून गेला. पंचांनी त्याचा हात धरून वर केला. तो हात वर असतानाच त्याचे गुडघे वाकले. पंच हात धरूनच होते, त्यामुळं तो एकदम पडला नाही, लोंबत खाली आला.

सरकारी दवाखान्यात मीच त्याला उचलून नेलं. मला तो काहीच जड लागला नाही. डॉक्टरांनी तपासता तपासता विचारलं, "शेवटचं पोटभर पाणी कधी प्याला होता?" सर म्हणाले, "शनिवारी." डॉक्टरांनी मान वर करून सरांकडं बघितलं. सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. लघवी बंद झाली होती. हृदयाचे ठोके अधूनमधून चुकत होते, मग जास्त चुकायला लागले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बिरदेव गेला.

ढालीचं इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढं सांगावं लागणार नाही. ढाल आम्हालाच मिळाली. बिरदेवनं जिंकलेल्या त्या एका कुस्तीचे गुण धरूनच बेरीज पुरली. मेस बंद झाली नाही. दौलू वस्ताद पुन्हा तालमीत आले नाहीत आणि इंगवले सर मार्चमध्ये नोकरी सोडून गेले. त्या काट्याचं काय झालं मला ठाऊक नाही.

बिरदेवच्या बापाला निरोप पोचायला दुपार झाली. कुठल्याशा माळावर मेंढरं बसली होती, तिथं पोलीस पाटील शोधत गेला. दोन भाऊबंदांना घेऊन तो आला, उंच, हडकुळा माणूस, डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही सगळे उभे होतो. प्राचार्यही गाडी करून आले होते. चादर बाजूला केली.

बापानं बघितलं. जवळ जाऊन बघितलं. मग मान हलवून म्हणाला, "ह्यो माझा न्हवं."

त्यानं चादर आणखी थोडी खाली ओढली.

"माझा बिरू असा न्हाई जी," तो सगळ्यांना समजावून सांगावं तसं म्हणाला. "माझा चांगला अंगानं हाय. दिवाळीला आला हुता घरला." त्यानं त्याचा हात दोन बोटांनी उचलून बघितला, मनगट फिरवलं, तळवा उघडला आणि त्यात ओळखीचं काय दिसलं ते दिसलं. हात त्यानं परत छातीवर ठेवला, चादर नीट केली आणि तिथंच खाली बसला.

प्राचार्य पुढं आले. बिरदेवनं कॉलेजसाठी काय केलं, संस्था त्याला कशी विसरणार नाही, असं काहीतरी ते सांगू लागले. बाप त्यांच्याकडं बघत नव्हता. थोड्या वेळानं त्यानं मधेच विचारलं, "एवढा कशानं वाळला ओ? काय आजार हुता?"

"आजार नव्हता," प्राचार्य म्हणाले आणि थांबले. सर भिंतीकडं तोंड करून उभे होते. वस्ताद पायरीवर बसले होते, त्यांनी डोकं गुडघ्यांत घातलं.

"मेंढरामागं पोराला येळेला भाकरी मिळत न्हाई म्हणून धाडला हुता," बाप म्हणाला. "तितं दूध देत्यात, बदाम देत्यात, चार येळा जेवाय घालत्यात म्हणून सांगत हुता. खोटं सांगत हुता का ओ?"

त्यानं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं आणि त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली. मी दाराची सगळी चौकट अडवून उभा होतो. त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं, माझी मान, माझे दंड, माझं पोट.

"तू कोण बाबा?"

"त्याच्या खोलीत राहतो, मामा. सर्जेराव."

"म्हंजे तू बी तितंच जेवतोस?"

"होय," मी म्हणालो.